सिलोस्टॅझॉल: पायाच्या गोळीआधी हृदयाची चौकशी

एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: बाबा ६७ वर्षांचे, बरीच वर्षं मधुमेह आणि बीपी. विडी सुटली, तंबाखू अजून चालू. गेल्या वर्षी हृदयाची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. आता देवळापर्यंत चालत गेलं की उजवी पोटरी भरून येते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. डॉप्लर झालं, पायाचा रक्तपुरवठा कमी निघाला आणि सिलोस्टॅझॉल १०० मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. तीन आठवड्यांत डोकं ठणकतंय, छातीत धडधडतंय. जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. सोबत ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची एकत्र कॅप्सूल, अटोरव्हास्टॅटिन, टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल आहे. मध्येच नायट्यासाठी इट्राकोनॅझोलही सुरू झालंय. गोळी चालू ठेवायची का, जेवणाआधी द्यायची की नंतर, आणि आईच्या पायाला मुंग्या येतात म्हणून तिने यातल्याच दोन-तीन गोळ्या घेतल्या, ते चालेल का?

ताई, तुम्ही गोळीची वेळ विचारलीत, पण माझं लक्ष गेलं ते दम आणि सूज या दोन शब्दांवर. तिथूनच सुरुवात करू.

हृदयाचा पंप कमजोर असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर सिलोस्टॅझॉल द्यायची नाही. थोडं असेल तर थोडी द्या, असाही प्रकार इथे नाही. अमेरिकेत ही गोळी जानेवारी १९९९ मध्ये मंजूर झाली, तेव्हापासून तिच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत हाच इशारा आहे. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ही गोळी शरीरातलं फॉस्फोडायएस्टरेज-३ नावाचं एन्झाइम रोखते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात आणि हृदय जरा जोरात, जरा वेगाने पळतं. याच गटातलं मिलरिनोन हे औषध पूर्वी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना तोंडाने देऊन पाहिलं होतं. १९९१ साली त्या चाचणीचा निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त होतं. सिलोस्टॅझॉलने तसंच होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. पण थकलेल्या हृदयावर ते तपासून पाहायचं धाडस कोण करणार? आणि करूही नये.

आता तुमच्या बाबांचा दम आणि सूज हृदयामुळेच आहे, असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, हे रोज दिसतं. सिलोस्टॅझॉलनेही पायावर सूज येऊ शकते. स्टेंट बसलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला दम लागतोय म्हणजे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नव्याने करून घ्यायला हवी. अँजिओप्लास्टीच्या वेळची इको फाइलमध्ये असेल, ती जुनी झाली. रिपोर्टमध्ये ईएफ म्हणून आकडा असतो, दर ठोक्याला हृदय त्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो, तो बघा. पण आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ईएफ ठीक असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, ते डॉक्टर तपासून ठरवतील.

भेटीची वेळ मिळेपर्यंत काय करायचं? आजच फोन करा, तीन गोष्टी सांगा: धडधड, दम, सूज. आणि सिलोस्टॅझॉल तोवर बंद ठेवू का, असं थेट विचारा. माझ्याकडे असा फोन आला तर मी बंद ठेवा म्हणेन, कारण ही गोळी आठवडाभर नाही घेतली तर पाय काही धोक्यात येत नाही. मात्र छातीत दुखायला लागलं, आडवं पडल्यावर दम कोंडला किंवा चक्कर येऊन पडले, तर फोनाफोनी करत बसू नका, रुग्णालय गाठा.

आणि याच ठिकाणी घरात घोळ होतो म्हणून ठासून सांगतो. 'रक्त पातळ करणारी गोळी बंद करा' एवढंच कानावर पडतं आणि घरचे ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची कॅप्सूल बंद करून टाकतात. स्टेंट असलेल्या माणसाची ती कॅप्सूल हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. स्टेंट अचानक गुठळीने बंद झाला तर तो सरळ हार्ट अटॅक असतो. दोन्ही पाकिटं हातात घ्या, नाव वाचा, मग बोला.

अँजिओप्लास्टीला किती महिने झाले, हेही मोजा. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये या गोळीवर बरीच बंधनं घातली. मागच्या सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाला असेल तर द्यायची नाही. अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून आरामातही किंवा वाढत्या प्रमाणात छातीत दुखणं) किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल तर नाही. आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त गोठू न देणारी दोन औषधं आधीच चालू असतील तर तिसरी म्हणून ही नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमच्या बाबांना नेमकी ती दोन चालू आहेत. काही वेळा डॉक्टर विचार करून तिन्ही देतात, पण तो निर्णय हृदय आणि पाय असे दोन्ही बघणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. आपल्याकडे दोन फायली दोन पिशव्यांत असतात, ही खरी अडचण.

हे सगळं एवढं ताणून का सांगतोय? कारण ही गोळी काय करते आणि काय करत नाही, हे फार कमी घरांत नीट सांगितलं जातं. सिलोस्टॅझॉल चालण्याचं अंतर वाढवते. बस, एवढंच तिचं काम. तिने अडलेली रक्तवाहिनी उघडत नाही, आणि पाय वाचतो किंवा आयुष्य वाढतं असंही दिसलेलं नाही. पायाच्या नळ्या आखडलेल्या माणसाला खरा धोका हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा असतो. तो कमी करतात अटोरव्हास्टॅटिनसारखी स्टॅटिनची गोळी, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, ताब्यातलं बीपी आणि साखर, आणि तंबाखूला रामराम. होतं मात्र उलटं. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं' म्हणून स्टॅटिन बंद होते आणि 'पायाची गोळी' नेमाने चालू राहते. जिच्यामुळे फक्त देवळापर्यंतचं चालणं सोपं होणार आहे, तिच्यासाठी हृदय पणाला लावायचं नसतं.

इको ठीक आली, डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायची ठरवली, तर पुढचं सगळं कामाला येईल.

वेळ. नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी किमान अर्धा तास, किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. पोट खराब होऊ नये म्हणून बहुतेक गोळ्या खाऊन घ्यायची आपल्याला सवय, इथे ती मोडायची. तेलकट, तुपकट खाण्यासोबत घेतली तर रक्तातली तिची सर्वोच्च पातळी जवळजवळ ९० टक्क्यांनी चढते. म्हणजे मिसळीच्या तर्रीबरोबर घेतलेली तीच गोळी डोकं जास्त ठणकवणार, छाती जास्त धडधडवणार. बाबा आत्ता जेवणानंतर लगेच घेत असतील तर त्रासाचं एक कारण तिथेच सापडलं. सोपा मार्ग म्हणजे सकाळी तोंड धुतल्यावर पाण्यासोबत गोळी, मग आंघोळ, पूजा, आणि त्यानंतर चहा-नाश्ता. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

डोकेदुखी हा या गोळीचा सगळ्यात ठरलेला त्रास. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत रोज दोनदा १०० मि.ग्रॅ. घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे ३४ जणांचं डोकं दुखलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण १४ होतं. खालोखाल पातळ शौच, धडधड, चक्कर. नाडी सरासरी पाच ते सात ठोक्यांनी वाढते. डोकेदुखी बहुतेकांची काही दिवसांत निवळते, म्हणून आमच्यातले बरेच जण आधी ५० मि.ग्रॅ. दोनदा देऊन मग वाढवतात. डोक्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, 'अंगदुखीची पांढरी गोळी' वगैरे मेडिकलमधून आणून देऊ नका, कारण ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीला त्या पोटातून रक्तस्राव घडवू शकतात. मूत्रपिंडाचं आणि हृदयाचं नुकसान वेगळंच. काळं, डांबरासारखं शौच झालं, लघवीत रक्त दिसलं, हिरड्यांतून रक्त थांबेना, तर लगेच कळवा. फार क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी घटतात. ताप आणि घसा एकदम बिघडला तर एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या.

आता इट्राकोनॅझोल. तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला तर सगळ्या चिठ्ठीतली तीच गोष्ट जास्त टोचली. नायटा हल्ली घराघरांत आहे, स्टेरॉइड मिसळलेली मलमं चोळून तो चिवट झालाय, आणि मग आठवडेच्या आठवडे इट्राकोनॅझोल चालतं. त्वचेच्या डॉक्टरांना पायाची गोळी कोणी सांगत नाही. सिलोस्टॅझॉल यकृतात दोन मुख्य एन्झाइमांनी मोडते. एक सीवायपी-३ए-४, दुसरं सीवायपी-२सी-१९. इट्राकोनॅझोल पहिल्याची वाट अडवतं, ओमेप्राझोल दुसऱ्याची. गोळी शरीरात साचत जाते. पाकिटावर १०० लिहिलंय, अंगात त्याहून जास्तीचा मारा बसतो. अशी औषधं सोबत असतील तर मात्रा निम्मी, म्हणजे ५० मि.ग्रॅ. दोनदा करायची असते. तुमच्याकडे दोन्ही वाटा अडलेल्या आणि गोळी मात्र पुरी.

एवढ्यावर थांबत नाही. इट्राकोनॅझोल स्वतः हृदयाची ताकद कमी करू शकतं, हार्ट फेल्युअरबद्दलचा इशारा त्याच्याही माहितीपत्रकावर आहे. ते अटोरव्हास्टॅटिनची पातळी वाढवतं, त्यातून स्नायू दुखतात, आणि पोटरीचं दुखणं वाढलं की 'रक्तपुरवठा आणखी कमी झाला' असा समज होतो. ॲम्लोडिपिनचीही पातळी वाढते, घोटे आणखी सुजतात. वर ओमेप्राझोलने पोटातलं आम्ल घटतं, म्हणून इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल नीट शोषलीही जात नाही. नायटा जाईना म्हणून कोर्स लांबतो. एका खाजेपायी केवढा हा गुंता! त्वचेच्या डॉक्टरांना सगळी यादी दाखवा. टर्बिनाफिनसारखे दुसरे पर्याय त्यांच्याकडे असतात. आपण होऊन फ्लुकोनॅझोल आणू नका, तेही याच वाटा अडवतं.

ओमेप्राझोल तर दोन कारणांनी बदलून घ्या. सिलोस्टॅझॉलचं कारण वर आलं. दुसरं, क्लोपिडोग्रेल शरीरात कामाला लागतं तेच मुळी सीवायपी-२सी-१९मुळे. ओमेप्राझोल तिथे खोडा घालतं. पँटोप्राझोलचा हा त्रास बराच कमी. फक्त ॲसिडिटीची गोळी कायमची बंद करू नका, दोन रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर पोटाला तिचं संरक्षण लागतं. हृदयासाठी किंवा बीपीसाठी कधी डिल्टियाझेम दिलं, किंवा घशासाठी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तरी सिलोस्टॅझॉलचं नाव सांगायचं. ग्रेपफ्रूटचा रस वर्ज्य आहे. आपल्याकडे तो कोण पितो म्हणा, पण पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं, ते टाळलेलं बरं. मूत्रपिंड बरंच बिघडलेलं असेल, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) २५ किंवा त्याखाली, तर युरोपच्या नियमांनुसार ही गोळी बसत नाही. यकृताचा मध्यम किंवा गंभीर आजार असला तरीही नाही.

किती दिवस घ्यायची? फरक कुणाला दोन ते चार आठवड्यांत जाणवतो, कुणाला बारा आठवडे लागतात. तीन महिन्यांनी हिशोब करायचा. चालणं वाढलं नसेल तर गोळी बंद. हे लिहिताना मला पाच-सहा वर्षं तीच चिठ्ठी फिरवून आणणारे रुग्ण आठवतात, ज्यांना 'फरक पडला का' हे कुणी विचारलेलंच नाही. हिशोब करायला आधी मोजमाप हवं. रस्त्यावरचे विजेचे खांब मोजा. कितव्या खांबाशी पोटरी भरायला लागते आणि कितव्याशी थांबावंच लागतं, दोन्ही आकडे तारखेसह वहीत टाका. मला अशी वही दाखवली की दहा प्रश्न वाचतात.

याच्या जागी पेंटॉक्सिफिलिन ही चालण्यासाठी दिली जाणारी दुसरी गोळी चालेल का, असंही विचारतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, ६९८ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांनी सिलोस्टॅझॉलवाल्यांचं अंतर सरासरी १०७ मीटरने वाढलं, पेंटॉक्सिफिलिनवाल्यांचं ६४ आणि खोट्या गोळीवाल्यांचं ६५. म्हणजे पेंटॉक्सिफिलिन आणि खोटी गोळी यांत फरक नव्हताच. मी ती चालण्यासाठी लिहीत नाही.

त्या आकड्यांत एक गंमत आहे. खोट्या गोळीवालेही ६५ मीटर पुढे गेले. चालण्याने चालणं वाढतं. हृदयाच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की पद्धत अशी ठेवा: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, उभ्याउभ्या थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा निघायचं. थांबण्याचा वेळ धरून सुरुवातीला अर्धा तास, पुढे पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, किमान बारा आठवडे. दुखायच्या आधीच थांबणाऱ्यांना फायदा कमी होतो. तंबाखू तोंडात धरून हे करण्यात मात्र अर्थ नाही. विडी सुटली हे उत्तम झालं, पण निकोटिन गालात ठेवलं तरी रक्तवाहिन्या आवळतंच.

एक शंका तपासून घ्या. वेदना उभं राहूनच जाते का? बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय जात नसेल तर ती कमरेच्या मणक्यातली नस दबल्याची असू शकते आणि डॉप्लरमधला दोष जोडीला सापडलेला असतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर, एबीआय, ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर पायाच्या नळ्या आखडल्याचं पक्कं होतं. पण मधुमेहात नळ्यांवर कॅल्शियमचा थर बसून त्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो, १.४ च्याही वर जातो. तेव्हा अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

दात काढायचा असेल, मोतीबिंदू किंवा कुठलीही शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना ही गोळी आधी सांगा. सिलोस्टॅझॉल साधारण पाच दिवस आधी थांबवतात. पुन्हा तेच, क्लोपिडोग्रेलचा निर्णय वेगळा, हृदयाच्या डॉक्टरांचा.

आणि काही प्रसंगी ही गोळी उत्तरच नसते. रात्री पाऊल इतकं ठणकतं की पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवावा लागतो, बोट काळं-निळं पडतंय, जखम दोन आठवड्यांत भरत नाही, अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात जा. पाय अचानक गार, पांढरा पडला, बधिर झाला, बोटं हलेनात, तर हातात जेमतेम सहा तास असतात. तेल चोळू नका, शेकू तर मुळीच नका. मधुमेह्याच्या बधिर पायाला गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेलं कळत नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायावरची ती जखम पुढे बोटावर, कधी पायावर बेतते.

राहिल्या आई. त्यांनी घेतलेल्या दोन-तीन गोळ्यांनी आता काही व्हायचं नाही, पण पाकीट त्यांच्या हाताबाहेर ठेवा. दोन्ही पायांना मुंग्या येणं हे सहसा रक्त कमी पडल्याचं लक्षण नसतं, नसांचं असतं. त्यांना साखर आहे का, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू आहे का, जेवण शाकाहारी आहे का, मिश्री लावतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि बी-१२ तपासून घ्या. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्त द्या, नंतर आकड्याचा काही उपयोग राहत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांना चपला-मोजे काढून बसवा, तळव्याला मोनोफिलामेंटचा धागा टेकवून स्पर्श कळतो का ते तपासायला सांगा, आणि पायाच्या दोन्ही नाड्या हाताने बघायला सांगा.